अनेक भाषांचे वृंदगान: मुंबईत हौशी गायकांचे पथक कसे उभे करावे

समूहाने गाणे मराठी माणसाला नवीन नाही. भजनात बुवांच्या मागून ओळ उचलणारे टाळकरी, पोवाड्यात शाहिराच्या शेवटच्या शब्दावर झील धरणारे झीलकरी, गणपतीसमोर आरती म्हणणारी अख्खी चाळ, या सर्वांना एकत्र सूर लावण्याची सवय असते. तरीही आपल्या भाषेबाहेरचे गाणे, त्या भाषेच्या उच्चारांसह आणि तिच्याकडच्या स्वररचनेसह गाणारे हौशी पथक उभे करायचे म्हटले की सुरुवात कोठून करावी हे चटकन सुचत नाही. हा लेख अशी सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यात तालमीची जागा, पट्टी (गाण्याच्या सुराची उंची), उच्चार, कायदा अशा अनेक गोष्टी येतील. मात्र त्या सर्वांच्या मुळाशी माझा एकच आग्रह आहे. गाणे त्या भाषेच्या माणसाकडून, त्याच्यासमोर बसून शिकावे, आणि असा माणूस मिळेपर्यंत ते गाणे हाती घेऊ नये.

मुंबईत या कामाला पूर्वपीठिका आहे. १९४३ साली याच शहरात ‘इप्टा’ची (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची) स्थापना झाली आणि अनेक प्रांतांतील कलावंत एकमेकांची लोकगीते एकत्र गाऊ लागले. त्याच प्रवाहातून आलेल्या सलील चौधरी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस बॉम्बे यूथ कॉयर उभा केला. व्हिक्टर परांज्योती यांच्या वृंदाची धुरा १९६७ साली त्यांच्या निधनानंतर कूमी वाडिया यांनी घेतली आणि अनेक दशके त्या वृंदाने पाश्चात्त्य रचनांच्या जोडीने भारतीय आणि इतर भाषांतील गीते सादर केली. वाडिया यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. साने गुरुजींनी मांडलेली आंतरभारतीची कल्पना, म्हणजे एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा आणि साहित्य आपुलकीने शिकावे हा विचार, मराठी वाचकाला ठाऊकच आहे. स्वतःचे पथक काढण्यापूर्वी शहरातील दोन-तीन वृंदांचे कार्यक्रम श्रोता म्हणून अवश्य ऐकावेत, आणि तेथे गायक एकमेकांचे कसे ऐकतात याकडे विशेष लक्ष द्यावे.

माणसे कोठून आणावीत

जाहिरात देण्याआधी स्वतःच्या इमारतीतील नावांची पाटी वाचावी. मुंबईतल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या गृहनिर्माण संस्थेत चार-पाच मातृभाषा सहज सापडतात. माटुंग्यात तमिळ, चेंबूरमध्ये सिंधी आणि मल्याळी, धोबीतलाव आणि वांद्रे भागात गोव्याकडची कोकणी, वसईच्या पट्ट्यात ईस्ट इंडियन समाजाची मराठी बोली, किनाऱ्यावरच्या गावठाणांत कोळी गीते. हा साठा हाताशी असताना पहिल्या वर्षी दूरदेशीच्या गाण्यांसाठी इंटरनेट धुंडाळण्याची गरज नाही. सदस्यांच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषा हाच पहिल्या वर्षाचा गीतसंग्रह मानावा, आणि परदेशी भाषांकडे त्यानंतर वळावे.

प्रवेशासाठी गाण्याची परीक्षा घ्यावी की नाही, याविषयी मतभेद असतात. माझ्या मते हौशी पथकात दार सर्वांसाठी उघडे असावे, परंतु प्रत्येक नव्या सदस्याला पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटे स्वतंत्रपणे ऐकावे. दिलेला षड्ज (सा) त्याला लावता येतो का, चार-पाच स्वरांची ओळ ऐकून परत म्हणता येते का, आणि त्याचा आवाज खाली व वर कोठपर्यंत सहज जातो, एवढे टिपून ठेवले तर त्याला कोणत्या गटात बसवावे हे ठरते. ज्याला सूर लवकर सापडत नाही त्याला नाकारू नये. त्याला दोन पक्क्या गायकांच्या मध्ये बसवावे. वीस ते तीस माणसांचे पथक सुरुवातीला सांभाळण्यास सोयीचे असते. त्याहून फार कमी असतील तर चार आवाजांचे भाग करण्याचा मोह टाळावा आणि दोन भागांवर समाधान मानावे, कारण एखादा सदस्य गैरहजर राहिला की त्याचा भाग उघडा पडतो.

जागा आणि वेळ

मुंबईत तालमीची जागा संगीताच्या सोयीने नव्हे, लोकलच्या सोयीने ठरवावी लागते. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरील लोकांना दादर सारख्याच अंतरावर पडते, हार्बरवरून येणाऱ्यांना कुर्ल्याला गाडी बदलून तेथे पोचता येते. म्हणून पथक शहरभर पसरलेले असेल तर दादर-माटुंगा पट्ट्यासारखी दुसरी सोय नाही. पथक एकाच उपनगरातले असेल तर शाळेचा वर्ग, वाचनालयाचे सभागृह किंवा गृहनिर्माण संस्थेची खोली पुरे. रविवारी मेगाब्लॉक बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे रविवारची तालीम साडेआठ ते साडेदहा अशी ठेवली तर लोक ब्लॉकपूर्वी परतीच्या गाडीत बसतात.

जागा पाहताना टाळी वाजवून बघावी. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत आवाज इतका घुमतो की शब्दांची व्यंजने ऐकूच येत नाहीत; अशा ठिकाणी खिडक्यांवर जाड पडदे आणि खाली सतरंजी असेल तर बराच फरक पडतो. पंखा पूर्ण वेगात असेल तर मंद स्वर ऐकू येत नाहीत, आणि उकाड्यात पंखा बंद ठेवणे शक्य नसते. म्हणून हळुवार भागांचा सराव पंखा थोडा वेळ कमी करून, पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत करावा. ध्वनिक्षेपकाची तालमीला गरज नाही आणि तो आणूही नये. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे. शक्य असल्यास पहिल्या तालमीला त्यांनाच निमंत्रण द्यावे.

गाणी निवडताना

गाण्याची निवड हे संचालकाचे सर्वांत जबाबदारीचे काम आहे. एका हंगामात पाच किंवा सहा गाणी पुरेशी होतात. पंधरा भाषांतील पंधरा गाणी ओझरती शिकण्यापेक्षा चार भाषांतील पाच गाणी त्या-त्या भाषेच्या लोकांना आपली वाटतील इतकी नीट म्हणता येणे मला अधिक मोलाचे वाटते. भाषांची संख्या कार्यक्रमपत्रिकेवर छान दिसते. पण आपली मातृभाषा मोडून-तोडून ऐकावी लागणाऱ्या श्रोत्याला त्यातून अपमानच जाणवतो.

प्रत्येक गाण्याविषयी शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हे गाणे कोण गाते, केव्हा गाते, आणि ते व्यासपीठावर गायलेले तुमच्या माणसांना चालेल का? दळताना म्हणायची ओवी, पाळण्याजवळची अंगाई, लग्नातले हळदीचे गाणे, शोकप्रसंगी म्हणायचे पद आणि उपासनेतले स्तोत्र यांचे स्थान प्रत्येक समाजात वेगळे असते. काही गाणी फक्त स्त्रिया गातात, काही ठरावीक ऋतूतच म्हटली जातात. आपला एखादा अभंग परक्या वृंदाने केवळ ठेका आकर्षक आहे म्हणून नाचत म्हटला तर आपल्याला काय वाटेल, या कसोटीवर दुसऱ्याचे गाणे घासून पाहिले की बहुतेक प्रश्न सुटतात. शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर संकोच दिसला, तर त्याने तोंडाने होकार दिला असला तरी ते गाणे सोडून द्यावे.

मराठी गायकांना स्वरसंवादाची, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे स्वर जुळवून गाण्याच्या हार्मनीची, पहिली ओळख करून देण्यासाठी गोव्याच्या कोकणीतील मांडो मला सर्वांत उपयुक्त वाटतो. त्याची भाषा आपल्याला जवळची आहे, चाल संथ आहे, आणि तो परंपरेनेच दोन आवाजांत, बहुतेक ठिकाणी एकमेकांपासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने चालणाऱ्या दोन ओळींत गातात. घुमट (मातीचे चर्मवाद्य) आणि व्हायोलिनची साथ मिळाली तर उत्तमच. मांडोनंतर परंपरेप्रमाणे जलद लयीचे दुलपद घेतले की गायकांचा आत्मविश्वास वाढतो. दक्षिण आफ्रिकेकडील झुलू समूहगीतेही नवख्या पथकाला मानवतात, कारण त्यांतील अनेक गीतांत एकाने हाक द्यायची आणि इतरांनी उत्तर द्यायचे अशी रचना असते, आणि ती मूळातही कानाने ऐकूनच शिकली जातात. याउलट जॉर्जियाचे तीन आवाजांचे बहुस्वरी गायन, ज्याला युनेस्कोने २००१ मध्ये मानवतेच्या वारशाचा दर्जा दिला, ते ऐकण्यास अवश्य घ्यावे, पण गाण्यासाठी दोन-तीन वर्षे थांबावे. त्यातील स्वरांची जवळीक कानात मुरायला वेळ लागतो.

उच्चार

या कामात सर्वाधिक वेळ उच्चारांना द्यावा लागतो आणि तो देण्यासारखा आहे. शब्द देवनागरीत लिहून वाटणे आवश्यक आहे, कारण पथकात सर्वांना सर्व लिप्या येत नाहीत. पण लिखाण हाती देण्यापूर्वी गाणे ऐकवावे. कागद आधी दिला की डोळा मराठी वाचतो आणि जिभेवर मराठीच येते. बंगालीचे उदाहरण घ्यावे. तेथे ‘एकला’ असे लिहिलेले असले तरी म्हणताना ‘ॲकला’ होते, बहुतेक ‘स’ चा उच्चार ‘श’ होतो, आणि अकार ओठ गोल करून ‘ऑ’ किंवा ‘ओ’ कडे झुकतो. म्हणून कागदावर मूळ लेखन नव्हे, ऐकू येणारा उच्चार लिहावा, आणि खाली शब्दशः अर्थ द्यावा. शब्दाच्या शेवटी आपण अकार गिळतो. जेथे तो म्हणायचा आहे तेथे अवग्रह (ऽ) लावावा आणि जेथे नाही तेथे पाय मोडून दाखवावा. एवढ्या दोन खुणांनी निम्मे घोटाळे थांबतात.

मराठीभाषकांकडे काही गोष्टी आयत्याच असतात. आपला ‘ळ’ तमिळ, कन्नड, मल्याळम आणि गुजराती गाण्यांत कामी येतो. मात्र तमिळ आणि मल्याळममध्ये ‘ळ’ सारखाच ऐकू येणारा आणखी एक वर्ण आहे, ज्यासाठी जीभ मागे वळवून टाळूला न टेकवता सोडून द्यावी लागते. आमच्या एका तालमीत माटुंग्याच्या एका मामींनी ‘आरारो आरिररो’ म्हणत अंगाई शिकवली, तेव्हा त्या प्रत्येकासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आपला जबडा हाताने खाली धरून जीभ कोठे थांबते ते दाखवत गेल्या. ध्वनिमुद्रणातून हे कोणालाच उमगले नसते. झुलूमध्ये जिभेने वाजवायचे तीन प्रकारचे वर्ण आहेत. त्यातला एक आपण हळहळताना ‘च्‌ च्‌’ करतो तोच आहे, आणि दुसरा गालाच्या बाजूने हवा ओढून बैलाला चुचकारतात त्याच्या अगदी जवळचा. हा आवाज सर्वांना काढता येतो. अवघड असते ते त्याला लगेच स्वर जोडणे. म्हणून आधी नुसता वर्ण, मग वर्ण आणि ‘आ’, मग पूर्ण शब्द, मग ताल धरून ओळ, आणि सगळ्यांत शेवटी चाल, असा क्रम ठेवावा.

मराठी गाणे इतरभाषक सदस्यांना शिकवताना हीच काळजी आपण घ्यावी. एकाच ओळीत ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ आले तर दोन्ही ‘च’ वेगळे आहेत हे आपल्या कधी लक्षातही येत नाही, पण हिंदी किंवा गुजराती बोलणारा दोन्ही सारखेच म्हणतो. अशा वेळी दंततालव्य ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांच्याखाली पेन्सिलीने टिंब द्यावे. पथकातील मराठी नसलेल्या माणसाला आपल्या भाषेची अशी बारकाईने ओळख करून देताना आपल्यालाही तिची नव्याने जाण येते, आणि मग बंगाली किंवा मल्याळी शिक्षकाच्या दुरुस्त्या आपण अधिक मोकळ्या मनाने स्वीकारतो.

परदेशी भाषांसाठी त्या भाषेचा वक्ता शोधणे मुंबईत अशक्य नाही. काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवनासारख्या भाषा शिकवणाऱ्या संस्था आणि विद्यापीठातील भाषाविभाग यांच्याकडे विनंती करावी. त्या व्यक्तीने गाणे म्हटलेच पाहिजे असे नाही; तिने शब्द सावकाश आणि नंतर सहज वेगाने बोलून दाखवले, आपण ते परवानगीने मोबाइलवर मुद्रित केले, आणि महिन्याभराने आपले म्हणणे तिला ऐकवून दुरुस्त्या घेतल्या, तरी पुरे.

पट्टी आणि स्वरपंक्ती

आपल्याकडे पुरुष हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीच्या आसपास आणि स्त्रिया काळी चारच्या आसपास षड्ज धरून गातात, त्यामुळे स्त्री-पुरुष एकत्र आले की कोणाला तरी ताण पडतो. येथे षड्ज कोठे धरावा यापेक्षा गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कोणता, हे आधी काढावे. सर्वांनी एकाच ओळीत गायचे असेल तर चाल खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत बसेल अशी पट्टी निवडावी; पुरुष हेच स्वर एक सप्तक खाली गातात. अनभ्यस्त गळ्यांनाही हा टप्पा झेपतो.

झील धरणाऱ्या किंवा भजनात साथ करणाऱ्या माणसाचा कान शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्यासाठी तयार झालेला असतो. बहुस्वरी गाण्यात नेमके त्याच्या उलट करायचे असते, म्हणजे शेजारी वेगळा स्वर गात असताना आपला सोडायचा नाही. ही सवय टप्प्याटप्प्याने लावावी. प्रथम अर्ध्या गटाने तानपुऱ्याप्रमाणे षड्ज-पंचम धरावा आणि उरलेल्यांनी त्यावर चाल म्हणावी. ते साधले की भूप रागातील एखादा सोपा अलंकार (ठरावीक क्रमाची स्वरमाला) घेऊन एका गटाने सुरू करावा आणि दुसऱ्याने एक आवर्तन मागून त्यात शिरावे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे कोणतेही स्वर एकत्र आले तरी कानाला फारसे खटकत नाहीत, आणि गायकांचा धीर चेपतो. त्यानंतर मांडोसारखे दोन आवाजांचे गाणे घ्यावे. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास (स्त्रियांचे वरचे व खालचे, पुरुषांचे वरचे व खालचे आवाज) अशी चार भागांची रचना सहसा दुसऱ्या वर्षापूर्वी काढू नये.

येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), आंदोलन (स्वराला संथ झोका देणे) आणि श्रुतींवर (स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांवर) उभ्या असलेल्या रागदारी चालीखाली पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरसमूह बळेच घालू नयेत. अशी चाल एकसुरात, केवळ षड्जाच्या आधारावर म्हटली तर तिचे रूप शाबूत राहते. प्रत्येक गाण्याला हार्मनी दिलीच पाहिजे असा नियम नाही.

साथीशिवाय गाताना पथकाचा सूर हळूहळू उतरतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. उतरत्या ओळीत स्वरांमधले अंतर गरजेपेक्षा जास्त घेतले जाते, ओळीच्या शेवटी श्वास संपलेला असतो, आणि एकच स्वर पुन्हा पुन्हा आला की तो दर खेपेला किंचित खाली घसरतो. प्रत्येक कडव्यानंतर तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज तपासण्याची सवय लावावी आणि श्वासाच्या जागा कागदावर सर्वांसाठी ठरवून द्याव्यात. दीर्घ ओळीत शेजारच्या दोघांनी एकाच वेळी श्वास घेऊ नये. सूर तपासण्यासाठी हार्मोनियमवर मात्र पूर्णपणे विसंबू नये, कारण तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. आवाज एकमेकांत नीट मिसळू लागले की हा फरक गायकांनाही ऐकू येतो.

दोन तासांच्या तालमीत पहिली पंधरा मिनिटे हुंकार, ओठांची फुरफुर आणि मंद्रातले अलंकार यांत घालवावीत, नवे गाणे मध्यंतरापूर्वी शिकवावे आणि शेवट पाठ झालेल्या गाण्याने करावा. मध्यंतराच्या चहाला वेळ कमी करू नये. गाण्यांमागच्या गोष्टी तेथेच निघतात.

हक्क, पैसे आणि नोंदणी

भारतीय कायद्याप्रमाणे गीतकार किंवा संगीतकार यांचा स्वामित्वहक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती; रवींद्रनाथांच्या रचनांचे हक्क संपत आले तेव्हा १९९२ मध्ये ती वाढवण्यात आली आणि त्यांच्या रचना २००१ नंतर सर्वांसाठी खुल्या झाल्या. पारंपरिक लोकगीत मुक्त असले तरी त्याची एखाद्या आधुनिक संगीतकाराने केलेली चार आवाजांची बांधणी मुक्त नसते. हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावल्यास किंवा ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचे असल्यास हक्कधारकाची, अथवा १९६९ साली स्थापन झालेल्या आणि मुंबईतच मुख्यालय असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची परवानगी पाहावी. विकत घेतलेल्या स्वरलेखनाच्या छायाप्रती वाटू नयेत.

पहिले वर्ष नोंदणीविना, मासिक वर्गणीवर चालवावे आणि हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर मांडावा. देणग्या येऊ लागल्या की किमान सात सदस्य घेऊन संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी. गाणे शिकवायला येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीला मानधन देण्याची तरतूद मात्र पहिल्या महिन्यापासून असावी.

कार्यक्रम

जूनच्या मध्यास तालीम सुरू केली तर अतिवृष्टीचे रविवार, गणेशोत्सव आणि दिवाळी वजा जाता फेब्रुवारीपर्यंत कार्यक्रम तयार होतो. त्या महिन्यात २१ तारखेला युनेस्कोने १९९९ मध्ये घोषित केलेला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन आणि २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन येतो. पहिल्या कार्यक्रमासाठी मोठे नाट्यगृह घेऊ नये. शंभर माणसे मावतील असे सभागृह, ध्वनिक्षेपक नाही, आणि पहिल्या दोन रांगा गाणी शिकवणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी राखीव, एवढे पुरे.

निवेदन थोडक्यात असावे आणि ते शक्यतो ज्याची भाषा त्यानेच करावे: गाणे कोठले, कोण केव्हा म्हणते आणि शब्दांचा अर्थ काय, इतकेच. निदान ध्रुवपद तरी श्रोत्यांना शिकवून त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात शिकवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीकडे जाऊन तिच्या गाण्याचे मुद्रण तिला ऐकवावे, कोठे चुकले ते विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे, आणि जूनमध्ये नवे गाणे उघडण्यापूर्वी त्या दुरुस्त्या तालमीत घ्याव्यात.